दोषारोपपत्रात बोटांचे ठसे आले तर: कागद कसे वाचायचे, कोर्टात काय विचारायचं

दोषारोपपत्राची नक्कल हातात पडते आणि शेवटच्या पानांत कुठंतरी अंगुलीमुद्रा तज्ज्ञाचा दोन पानी अहवाल निघतो. घटनास्थळावरचा ठसा आरोपीच्या उजव्या तर्जनीशी जुळतो, असं त्यात लिहिलेलं असतं. आरोपीचे नातेवाईक तिथंच हात टेकतात. नवखा वकील मात्र हुरूपानं पॉइंट, म्हणजे दोन ठशांत जुळलेल्या बारीक खुणा, मोजायला घेतो, बारा भरले नाहीत तर अहवाल उडवून लावू म्हणतो. दोघांचीही गल्लत होते. चांगल्या ठशावर चांगल्या तज्ज्ञानं दिलेलं मत सहसा बरोबर असतं, आणि बारा पॉइंटांचा नियम भारतातल्या कोणत्याही कायद्यात नाही.

माझं मत असं की ठशाचा पुरावा तपासायचा तो त्याच्या वाटेवर. घटनास्थळावरून तो उचलला कुणी, ठेवला कुठं, पाठवला कधी, ताडला कशाशी आणि अखेर त्यातून सिद्ध काय होतं, या वाटेवरचा एखादा टप्पा कागदावर सापडत नाही आणि तिथंच पुरावा पडतो. सांगली-साताऱ्याच्या कोर्टांत नव्यानं फौजदारी काम करणाऱ्यांसाठी आणि घरचा माणूस अशा गुन्ह्यात अडकलेल्यांसाठी हे लिहितोय.

पुढं सगळीकडं एकच काल्पनिक उदाहरण धरतो. तासगावातल्या एका बेदाणा कोल्ड स्टोरेजच्या ऑफिसात रात्री चोरी झाली, लोखंडी कपाट फोडून रोकड गेली. कपाटाच्या दारावर एक ठसा मिळाला. तीन आठवड्यांनी एका हमालाला अटक झाली. तो आदल्या हंगामात तिथंच कामाला होता.

आधी कागद गोळा करा

भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम २३० प्रमाणे आरोपी हजर झाल्यापासून १४ दिवसांच्या आत दोषारोपपत्र आणि त्यासोबतच्या कागदांच्या नकला त्याला मोफत मिळायला हव्यात. मिळालेला गठ्ठा जाडजूड दिसला म्हणून पुरा आहे असं धरू नका. ठशापुरते हे कागद बाजूला काढा: घटनास्थळ पंचनामा, ठसे उचलल्याची नोंद, कपाटावर ठसा होता त्या जागेचा फोटो, जप्ती पंचनामा, आरोपीच्या नमुना ठशांची पत्रिका, ठसे तज्ज्ञाकडे पाठवल्याचं पत्र, तज्ज्ञाचा अहवाल आणि त्यासोबतचे मोठे केलेले फोटो. ठशांचा तक्ता आणि फोटो बरेचदा नकलेत नसतातच, नुसता निष्कर्ष असतो. ते मागा. मुद्देमाल रजिस्टरचा उतारा आणि ठाणे दैनंदिनीतली नोंद हवी असेल तर कलम ९४ खाली अर्ज द्या.

गुन्हा १ जुलै २०२४ च्या आधीचा असेल आणि प्रकरण जुन्या कायद्यानं चालू असेल, तर कलमांचे आकडे जुने लागतील. नव्या संहितेतलं २३० म्हणजे जुन्या फौजदारी प्रक्रिया संहितेतलं २०७, ९४ म्हणजे ९१, ३२९ म्हणजे २९३, ३३० म्हणजे २९४, ३४९ म्हणजे ३११अ. तज्ज्ञाच्या मताचं पुरावा कायद्यातलं कलम ४५ आता भारतीय साक्ष्य अधिनियमात ३९ झालंय, आणि मताची कारणं सांगणारं ५१ आता ४५. हा शेवटचा आकडा भल्याभल्यांना फसवतो. जुन्या सवयीनं ‘पंचेचाळीस’ म्हटलं की डोक्यात तज्ज्ञाचं मत असतं, नव्या पुस्तकात तिथं कारणं असतात.

कागद हाती आले की एका कोऱ्या पानावर फक्त तारखा आणि वेळा उतरवा. चोरी कळली कधी, पोलीस आले कधी, तज्ज्ञ आला कधी, ठसा उचलला कधी, आरोपीला अटक कधी, त्याचे ठसे घेतले कधी, दोन्ही तज्ज्ञाकडे पोचले कधी, अहवाल आला कधी. युक्तिवादाचा निम्मा मसाला या एका पानावर जमतो. घटनास्थळावरचा ठसा तज्ज्ञाकडे पोचल्याची तारीख आरोपीच्या अटकेनंतरची असेल तर त्या ओळीखाली लाल रेघ मारा.

पंचनाम्यातलं एक वाक्य

पंचनाम्यात असं वाक्य हमखास सापडतं: ‘सदर ठिकाणी अंगुलीमुद्रा तज्ज्ञ यांनी पाहणी केली असता कपाटावर ठसे मिळून आले, ते त्यांनी ताब्यात घेतले.’ यात काय नाही ते बघा. कपाटाच्या बाहेरच्या बाजूला की आतल्या? दाराच्या मुठीजवळ की कडेला? जमिनीपासून किती उंचीवर? ठसे किती? बोटांची टोकं वर होती की खाली? उचलायच्या आधी मोजपट्टी शेजारी ठेवून फोटो काढला का? टेपनं उचलला असेल तर त्या कार्डावर तारीख, जागा आणि पंचांच्या सह्या आहेत का?

आतली बाजू आणि बाहेरची बाजू यांत आभाळाएवढा फरक आहे. ऑफिसात कामाला असलेल्या माणसाचा हात कपाटाला बाहेरून शंभरदा लागतो. कुलूपबंद तिजोरीच्या आतल्या कप्प्यावर त्याचा ठसा मिळाला तर मात्र त्याला खुलासा द्यावा लागेल. पंचनामा याबाबत गप्प असेल तर ती पोकळी नंतर साक्षीत भरण्याचा प्रयत्न होतो. तज्ज्ञ पिंजऱ्यात येऊन ‘ठसा आतल्या बाजूस होता’ म्हणाला आणि ते त्या दिवशीच्या कोणत्याच कागदात नसेल, तर ती सुधारणा, म्हणजे मागाहून घातलेली भर, म्हणून रेकॉर्डवर आणा.

कुठल्या पृष्ठभागावरून ठसा मिळाला हेही बघा. गुळगुळीत लोखंड, काच, रंगवलेला पत्रा यांवर ठसा चांगला धरतो आणि पावडर मारून ब्रशनं उठवता येतो. कागदावरचा ठसा निनहायड्रिननं उठवतात, तो जांभळा दिसतो. प्लॅस्टिकच्या पिशवीवरचा सुपरग्लूच्या वाफेनं उठवता येतो. बारदान, खरबरीत भिंत, न रंधलेलं लाकूड यांवर वापरण्याजोगा ठसा मिळणं अवघड. बारदानावर लख्ख ठसा मिळाल्याचा दावा असेल तर कसा उठवला हा पहिला प्रश्न. उलटीकडून, टेपवर उचललेल्या ठशात मागच्या पृष्ठभागाच्या खुणाही थोड्या येतात. खडबडीत रंगाच्या कपाटावरून उचललेल्या ठशाची पार्श्वभूमी काचेसारखी स्वच्छ दिसत असेल तर ते विचारण्यासारखं आहे.

आपल्याकडची आणखी एक गोष्ट पुस्तकात नसते. चोरी झाल्याचं कळल्यावर पोलीस यायच्या आत मालक, मुनीम, शेजारचे दोन गाळेवाले आणि सरपंचाचा भाऊ असे सगळे कपाटाशी जाऊन आलेले असतात. त्या सगळ्यांचे ठसे घेऊन वगळले का? वगळण्याची ही कारवाई झालेली नसेल, तर ‘कपाटावर एकूण किती ठसे मिळाले आणि त्यांतले किती कुणाचेच निघाले नाहीत’ हा प्रश्न तपासी अंमलदारासाठी राखून ठेवा. कुणाचाच न निघालेला ठसा बचावाच्या कामाचा असतो.

सात वर्षं किंवा जास्त शिक्षेच्या गुन्ह्यात न्यायसहायक तज्ज्ञानं घटनास्थळी जायचं आणि चित्रीकरण करायचं, असं नव्या संहितेचं कलम १७६(३) सांगतं. ते राज्यानं अधिसूचित केलेल्या तारखेपासून लागू होतं, म्हणून गुन्ह्याची तारीख तिच्याशी ताडून बघा. चोरीसाठी केलेल्या रात्रीच्या घरफोडीला १४ वर्षांपर्यंत शिक्षा आहे, म्हणजे आपला हमाल त्या वर्गात बसतो. कलम १०५ प्रमाणे झडती आणि जप्तीचंही चित्रीकरण व्हायला हवं. ते मागवा आणि स्वतः बसून बघा. तज्ज्ञ येण्याआधी हातमोजे न घालता कपाट उघडणारा पोलीस शिपाई चित्रीकरणात दिसला तर पंचनाम्याच्या दहा पानांपेक्षा तेवढा तुकडा कामाचा.

मुद्देमाल कुणाच्या ताब्यात होता

इथं मी जास्त वेळ थांबतो, कारण निकाल बरेचदा इथंच लागतो.

सर्वोच्च न्यायालयाचा मोहम्मद अमान विरुद्ध राजस्थान राज्य हा १९९७ चा निकाल मुळातून वाचा. खुनाच्या त्या प्रकरणात पितळी भांड्यावरचा ठसा आरोपीचा निघाला होता. तज्ज्ञाचं मत सरळ आरोपीविरुद्ध होतं. तरी न्यायालयानं त्यावर विसंबायला नकार दिला. जप्त वस्तू तज्ज्ञाकडे पोचेपर्यंत तिच्यात कुणी ढवळाढवळ केली नाही हे सरकार पक्षाला दाखवता आलं नव्हतं, आरोपीचे नमुना ठसे वारंवार घेतले गेले पण दंडाधिकाऱ्यांसमोर एकदाही नाही, आणि ते भांडं खटल्यात हजरच केलं नव्हतं. रेघा जुळल्या की नाही हा वादच तिथं उद्भवला नाही.

तासगावच्या उदाहरणात प्रश्न असे पडतात. ठसा टेपवर उचलून नेला की कपाटाचं दारच काढून नेलं? वस्तू नेली असेल तर ती कशात बांधली, लाखेचं सील कुणाचं, पडताळून बघायला नमुना सील वेगळं पाठवलं का? पोलीस ठाण्यात मुद्देमाल कारकुनानं नोंद कोणत्या तारखेला केली? पाठवण्याचं पत्र आणि पोच यांच्यात किती दिवस गेले, आणि नेणारा पोलीस साक्षीदारांच्या यादीत आहे का? तो यादीत नसेल तर त्याची साक्ष होत नाही, आणि मधल्या दिवसांबद्दल शपथेवर बोलणारं कुणी उरत नाही.

नुसता विलंब झाला म्हणून पुरावा पडत नाही, हेही सांगून ठेवतो. ठसा पहिल्याच दिवशी तज्ज्ञानं स्वतः उचलून आपल्या ताब्यात ठेवला असेल आणि आरोपी त्यानंतर तीन आठवड्यांनी सापडला असेल, तर ही वाट बरीच भक्कम आहे. आरोपीच माहीत नसताना त्याचा ठसा बनवून ठेवणार कोण? अशा प्रकरणात बनावटीचा आरोप करणारा वकील न्यायाधीशांसमोर आपलीच पत घालवतो. तिथं बचाव दुसरीकडं शोधावा लागतो, तो पुढं येईल.

नमुना ठसे

आरोपीचे ठसे घेणं म्हणजे त्याला स्वतःविरुद्ध साक्ष द्यायला लावणं नव्हे, हे सर्वोच्च न्यायालयाच्या ११ न्यायमूर्तींनी काठी कालू ओघड प्रकरणात १९६१ मध्येच ठरवलंय. त्या मुद्द्यावर वेळ घालवू नका.

ठसे कुणी घेतले हा प्रश्न मात्र जुन्या प्रकरणांत मोठा होता. महमूद विरुद्ध उत्तर प्रदेश राज्य या १९७६ च्या निकालात नमुना ठसे दंडाधिकाऱ्यांसमोर किंवा त्यांच्या आदेशानं घेतलेले नव्हते, आणि तज्ज्ञानं मताची कारणंही दिली नव्हती. अशा कोरड्या मतावर फाशीच्या गुन्ह्यात शिक्षा देणं धोक्याचं, असं न्यायालय म्हणालं. पण २०१८ च्या सोनवीर आणि २०१९ च्या आशिष जैन निकालांनंतर दंडाधिकाऱ्यांचा आदेश नाही म्हणून ठसे आपोआप बाद होत नाहीत. शिवाय १९२० चा कैदी ओळख कायदा गेला आणि ४ ऑगस्ट २०२२ पासून फौजदारी प्रक्रिया (ओळख) अधिनियम लागू झाला. अटकेतल्या माणसाचे ठसे आता हवालदार दर्जाचा पोलीसही घेऊ शकतो. म्हणून गुन्हा २०२२ नंतरचा असेल तर महमूदचा निकाल ‘दंडाधिकारी नव्हते’ एवढ्यासाठी वाचू नका, ‘कारणं नव्हती’ यासाठी वाचा.

तरीही पत्रिकेवर बघायचं ते बघाच. ठसे घेणाऱ्याची सही, तारीख, पंच, आरोपीची सही आणि दहाही बोटं. अटकेआधीची तारीख पडली असेल किंवा पत्रिका दोनदा-तीनदा घेतली असेल तर का, हे विचारा.

तज्ज्ञ नेमकं काय करतो

बोटांवरच्या रेघा गर्भातच तयार होतात आणि जुळ्या भावंडांच्याही वेगळ्या असतात. त्यांचा ढोबळ आकार म्हणजे शंख, चक्र, कमान, आणि तो लाखो माणसांत सारखा असतो. ओळख पटते ती बारीक खुणांवरून: एखादी रेघ मध्येच संपते, एखादीला फाटा फुटतो, दोन फाटे पुन्हा मिळून मध्ये तळं होतं, कुठं तुटका ठिपका असतो. या खुणांना आपण पॉइंट म्हणतो.

तज्ज्ञ आधी चान्स प्रिंट, म्हणजे घटनास्थळावरचा ठसा, तपासतो, मग नमुन्याशी ताडतो, मग मत ठरवतो आणि दुसरा तज्ज्ञ ते पडताळतो. ही पद्धत जगभर चालते. किती पॉइंट जुळले की पुरे, याचा शास्त्रीय आधार असलेला आकडा नाही. इंग्लंडनं १६ पॉइंटांचा दंडक २००१ मध्ये सोडून दिला. म्हणून सहा पॉइंट जुळले म्हणून वाईट आणि बारा म्हणून पक्कं, असं होत नाही. सहा स्पष्ट आणि दुर्मीळ खुणा, बारा अंधुक खुणांपेक्षा भारी असू शकतात.

आता एक काम स्वतः करून बघा. अहवालासोबतचे दोन मोठे केलेले फोटो शेजारी ठेवा, त्यांवर लाल रेघांनी आकडे घातलेले असतात. समजा चार नंबरला डावीकडं फाटा आहे. उजव्या फोटोत चार नंबरला फाटाच आहे का, आणि तो त्याच दिशेला उघडतो का? मग चार ते पाच नंबरमधल्या रेघा भिंगातून मोजा. एका बाजूला तीन आणि दुसऱ्या बाजूला पाच आल्या तर ती तफावत कशामुळे, हे तज्ज्ञाला सांगावं लागेल. बोट दाबलं किंवा घसरलं की रेघा ताणल्या जातात, हा खुलासा बरेचदा खराही असतो. पण समाधानकारक खुलासा नसलेला एकच खरा फरक पुरे, ते दोन्ही ठसे एकाच बोटाचे असू शकत नाहीत. आकडे न घातलेल्या भागातही नजर फिरवा. जुळलेल्या जागा दाखवायला सगळे तयार असतात.

चुका किती होतात? अमेरिकेत २०११ साली प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात १६९ तज्ज्ञांना ठशांच्या जोड्या दिल्या होत्या. वेगवेगळ्या माणसांचे ठसे एकाचेच ठरवण्याची चूक ०.१ टक्का निघाली, एकाच माणसाचे ठसे वेगळे ठरवण्याची ७.५ टक्के. तिथल्या राष्ट्राध्यक्षांच्या विज्ञान सल्लागार परिषदेनं २०१६ च्या अहवालात दोन अभ्यास धरून सांगितलं की चुकीच्या जुळणीचं प्रमाण एका अभ्यासानुसार ३०६ मध्ये १ पर्यंत आणि दुसऱ्यानुसार १८ मध्ये १ पर्यंतही असू शकतं. हे वरच्या मर्यादेचे आकडे आहेत, ‘अठरापैकी एक ठसा खोटा’ असा त्यांचा अर्थ लावून कोर्टात ओरडू नका. आपल्याकडच्या तज्ज्ञांना ते जसेच्या तसे लागूही होत नाहीत. चूक शून्य नाही, एवढंच त्यांतून पक्कं दिसतं.

आपल्या न्यायालयांत दोन सूर ऐकू येतात. जसपाल सिंग विरुद्ध पंजाब राज्य या १९७९ च्या निकालात अंगठ्याचा ठसा ओळखण्याचं शास्त्र बिनचूक असल्याचं म्हटलंय. सरकारी वकील तो निकाल दाखवणारच. मुशीर खान विरुद्ध मध्य प्रदेश राज्य या २०१० च्या निकालात मात्र म्हटलंय की ठसे तज्ज्ञाचं मत हा मूळ पुरावा नव्हे, रेकॉर्डवरच्या इतर मूळ पुराव्याला दुजोरा देण्यापुरताच त्याचा उपयोग. तो निकाल तुमच्या फायलीत पाहिजे.

यंत्रानं नाव सुचवलं असेल तर

‘संशयित नव्हता, सिस्टीमला मॅच मिळाली’ अशी नोंद आता वरचेवर दिसते. संग्रहातले ठसे शोधणारी देशपातळीवरची नॅफिस प्रणाली ऑगस्ट २०२२ मध्ये सुरू झाली, महाराष्ट्र पोलिसांची तशीच ॲम्बिस आहे. ही यंत्रं आरोपी ठरवत नाहीत. मिळत्याजुळत्या ठशांची क्रमवार यादी देतात, त्यातून माणूस निवडतो. आणि संग्रह जितका मोठा, तितका योगायोगानं खूप सारखा दिसणारा परका ठसा सापडण्याचा संभव जास्त.

ब्रँडन मेफील्डचं प्रकरण याच जातीचं. ११ मार्च २००४ ला माद्रिदच्या लोकलगाड्यांत स्फोट झाले. डिटोनेटरच्या पिशवीवरचा एक ठसा एफबीआयनं यंत्रात टाकला, यादी आली, आणि तिच्यातला अमेरिकेतल्या ओरेगनमधला हा वकील निवडला गेला. एफबीआयच्या तिघांनी जुळणी पक्की सांगितली, पुढं न्यायालयानं नेमलेल्या स्वतंत्र तज्ज्ञानंही तेच सांगितलं. स्पेनचे पोलीस एप्रिलपासून ‘जुळत नाही’ म्हणत होते. मेमध्ये त्यांनी तो ठसा एका अल्जीरियन माणसाचा असल्याचं सांगितलं आणि मेफील्ड सुटला. नंतरच्या चौकशीत एक दोष ठळक निघाला. मेफील्डचा ठसा समोर ठेवल्यावर तज्ज्ञांना चान्स प्रिंटमध्ये त्याच्याचसारख्या खुणा ‘दिसू’ लागल्या होत्या, आणि पडताळणाऱ्यांना आधीचं मत माहीत होतं.

म्हणून यंत्राची पूर्ण यादी मागा. आरोपी कितव्या क्रमांकावर होता? त्याच्या वरच्यांना कशावरून वगळलं?

ठसा कधीचा आणि कशामुळे

ठसा आरोपीचाच आहे, असं क्षणभर धरून चाला. पुढं काय? ठशाचं वय खात्रीनं सांगता येईल अशी पद्धत कोर्टात वापरात नाही. सावलीतल्या गुळगुळीत पत्र्यावर ठसा महिनोन्‌महिने राहू शकतो. आपला हमाल हंगामभर त्या ऑफिसात जात-येत होता. हजेरी आणि पगाराची वही कपाटातच असायची का? ते कपाट गाळ्यात आणताना हमालांनीच उचललं का? ही माहिती मालकाच्या उलटतपासात सहज निघते, कारण त्याला ती आरोपीच्या बाजूची वाटत नाही. जिथं आरोपीचा वावर कधीच नव्हता अशा जागी, किंवा आदल्या दिवशी पुसलेल्या काचेवर ठसा निघाला, तर हा बचाव चालत नाही.

एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस जलपायगुडीत एका चहामळ्याच्या व्यवस्थापकाचा खून झाला. बंगाली पंचांगावर रक्ताळ अंगठा उमटला होता आणि तो चरण नावाच्या जुन्या नोकराचा निघाला. त्याला चोरीची शिक्षा झाली, खुनातून मात्र तो सुटला. वस्तू हाताळली एवढंच ठशानं दाखवलं, मारलं कुणी हे दाखवलं नाही. एवढ्या जुन्या खटल्यात जे कळलं, ते आजच्या ‘ठसा जुळला, म्हणून गुन्हा शाबीत’ अशा युक्तिवादात निसटतं.

हमाल, ऊसतोड मजूर, गवंडी, हळदीच्या गिरणीतले कामगार यांची बोटं झिजलेली असतात. रेशन दुकानातल्या मशीनवर चारदा टेकवूनही ज्याचा अंगठा उठत नाही, त्याचा ठसा कपाटावर मिळणं अशक्य नाही. घाम-तेल लागलेलं बोट पत्र्यावर वेगळं उमटतं. पण नमुना पत्रिकेवर रेघा पुसट असतील तर तुलना कशावर झाली, हा प्रश्न रास्त आहे.

कोर्टात

सगळ्यात आधी कलम ३३० ची नोटीस. कागद मान्य की अमान्य हे विचारलं जातं, आणि नव्या संहितेत एक परंतुक आहे: अहवालावर कोणी वाद घातला नाही तर तज्ज्ञाला साक्षीला बोलवायचंच नाही. घाईत ‘मान्य’ लिहून सही केलीत तर उलटतपास तिथंच संपला. अहवाल वादग्रस्त असल्याचं लेखी द्या. कलम ३२९ खाली अंगुलीमुद्रा केंद्राच्या संचालकांचा अहवाल साक्षीशिवाय वाचता येतो. अहवालावर सही कुणाची आहे ते म्हणून बघा. संचालकांची असली तरी न्यायालय त्यांना बोलावू शकतं, आणि तसा अर्ज करायचा असतो.

तज्ज्ञाचा उलटतपास आटोपशीर ठेवा. ‘तुमचं मत चुकू शकतं ना?’ असं विचारू नका. तो ‘नाही’ म्हणणार आणि ते तुमच्याच प्रश्नाचं उत्तर म्हणून रेकॉर्डवर जाणार. याऐवजी: अखिल भारतीय अंगुलीमुद्रा तज्ज्ञ परीक्षा कोणत्या वर्षी उत्तीर्ण झालात? हा ठसा तुम्ही स्वतः उचलला की तुमच्याकडे आला? आरोपीची पत्रिका बघण्याआधी चान्स प्रिंटमधल्या खुणांची नोंद केली होती का, ती नोंद कुठं आहे? आरोपीला अटक झाल्याचं तपासी अंमलदारानं पत्रात लिहिलं होतं का? पडताळणी करणाऱ्याला तुमचं मत आधी माहीत होतं का? ठसा कधी उमटला हे तुम्ही सांगू शकता का? शेवटच्या प्रश्नाचं उत्तर ‘नाही’ आलं की खाली बसा.

आरोपीच्या जबाबात, म्हणजे कलम ३५१ खाली, ‘खोटं आहे’ एवढंच बोलून थांबू नका. त्याचा तिथं वावर होता हा खुलासा तिथंच, त्याच्या तोंडून आला पाहिजे. मालकाच्या उलटतपासात जे काढलं ते या जबाबाशी जुळायला हवं. ऐन युक्तिवादात पहिल्यांदा आलेला खुलासा कुणी ऐकत नाही.

स्वतःचा खासगी तज्ज्ञ आणण्याची ऐपत बहुतेकांची नसते. मोफत वकील हवा असेल तर जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाकडे अर्ज करा. आणि कपाटावर आरोपीचा ठसा मिळाला नाही म्हणून तो निर्दोष असा उलटा युक्तिवाद फार ताणू नका. हातमोजे कुणालाही मिळतात.

तुमच्याच घरी घरफोडी झाली असेल तर

कपाटाला हात लावू नका, घर झाडू नका, शेजाऱ्यांना दारातच थांबवा. तज्ज्ञ आल्यावर कुणी कुठं हात लावला ते खरं सांगा आणि घरच्यांचे ठसे वगळण्यासाठी द्या. गेल्या महिन्यात रंगारी, सुतार, गॅसवाला असे कोण येऊन गेले, तेही जबाबात लिहून घ्या. नाहीतर त्यांच्यातलाच एखादा विनाकारण आत जातो आणि खरा चोर बाहेर राहतो.

निकालानंतर

शिक्षा झाली आणि अपील उच्च न्यायालयात जाणारं असेल, तर सांगली-साताऱ्याच्या लोकांना आता मुंबई गाठावी लागत नाही. कोल्हापूरचं सर्किट बेंच ऑगस्ट २०२५ मध्ये सुरू झालंय. खालच्या कोर्टात जे विचारलं नाही ते अपिलात उभं करणं अवघड जातं, त्यामुळं तारखांचं ते पान फायलीतून काढून टाकू नका.

सुटका झाली तर आणखी एक काम उरतं आणि ते जवळजवळ कुणीच करत नाही. २०२२ च्या अधिनियमाप्रमाणे घेतलेले ठसे राष्ट्रीय गुन्हे नोंद विभागाकडे ७५ वर्षं राहतात. आधी कधी शिक्षा झालेली नसेल आणि सगळे कायदेशीर उपाय संपून माणूस निर्दोष ठरला असेल, तर न्यायालयानं किंवा दंडाधिकाऱ्यांनी कारणं नोंदवून वेगळा आदेश दिला नसल्यास ही नोंद नष्ट करायची असते. निकालाची प्रमाणित प्रत घ्या, सरकारनं अपील केलं नाही किंवा ते फेटाळलं गेलं याचा कागद जोडा, आणि राज्यानं नेमलेल्या नोडल अधिकाऱ्याकडे लेखी अर्ज देऊन पोच घ्या.